आज कुणाचा पैरा

कुपवाडच्या त्या शेडमध्ये मला घेतलं ते तीन महिन्यांच्या बोलीवर. हळद निवडायची, पॅक करायची आणि बाहेर पाठवायची, एवढंच तिथलं काम. निवडायला डझनभर बायका, आणि त्यांच्यावर मी. तीन महिन्यांनी मला कायम केलं तर मी आणि माझी अडीच वर्षांची सृष्टी सांगलीतच राहणार होतो. नाही केलं तर सृष्टी रहिमतपूरला सासूबाईंकडं जाणार आणि मी दुसरीकडं कुठंतरी अर्ज करत बसणार. वीरधवल, माझा नवरा, फौजेत. फोनवर तो एकच वाक्य बोलायचा, "तुम्ही दोघी मिळून ठरवा." दोघी म्हणजे मी आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. आणि आईंनी तर ठरवलेलंच होतं.

"लेकरू पाळणाघरात टाकायचं आणि दुसऱ्याच्या बायका सांभाळायच्या," त्या म्हणायच्या. "ही कसली गं नोकरी, पूजा?"

मी म्हणायचे, एमबीए केलंय ना आई, साताऱ्यात. मग त्या गप्प व्हायच्या, पण ते गप्प होणं पटल्याचं नसायचं.

शेडचे मालक लालासाहेब, पण ते आता मार्केट यार्डातल्या दुकानातच बसत. इकडचं सगळं त्यांचा मुलगा जयराज बघायचा. पुण्यात शिकून आलेला, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहानच असेल, पण मी त्याला सर म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "मॅडम, पुढच्या वर्षी रंग बघून हळद वेगळी करणारं मशीन येतंय. मला तीन महिन्यांनी तुमच्याकडून तीन नावं हवीत. एक वरचं, दोन खालची. वरच्या बाईला सुपरवायझर करू. खालच्या दोघींना थांबवू. तुमचं कन्फर्मेशनही तेव्हाच बघू."

मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. उद्दिष्ट कसं असावं ह्यावर मी कॉलेजात अख्खा प्रोजेक्ट केला होता. नेमकं हवं, मोजता यायला हवं, आवाक्यातलं हवं, मुदतीचं हवं. आणि माझं स्वतःचं उद्दिष्ट तर किती नेमकं होतं! तीन नावं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या बायकांना पोत्यांवर बसवून योजना सांगितली. भिंतीवर फळा लावला होता, त्यावर सगळ्यांची नावं. लांबट हळकुंडं वेगळी, गोल गड्डे वेगळे, तुटकी कणी वेगळी, अशी निवडलेली एक पाटी भरली की नावापुढं एक रेघ. दिवसाला नऊ पाट्यांचं टार्गेट. जिच्या सगळ्यांत जास्त रेघा, तिचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर लिहायचं आणि तिनं त्या दिवशी तासभर आधी घरी जायचं.

तासभर आधी म्हटल्यावर सगळ्या सावरून बसल्या.

हरणाबाई त्यांच्यातली वडीलधारी. कृष्णेकाठच्या गावातून सिटी बसनं यायची, तिला सगळ्या अक्का म्हणायच्या. तिनं विचारलं, "आवं मॅडम, म्हंजी रोज एकीचं नाव वर?"

"हो."

"रोज त्येच त्येच, का येगयेगळं?"

"कुणाचंही येऊ शकतं," मी म्हटलं. "सगळ्यांना संधी आहे. म्हणूनच तर योजना आहे."

"असं व्हय," ती म्हणाली आणि बाकीच्यांकडं बघून मान हलवली. "मंग चांगलं हाय की. आधी सांगायचं."

सगळ्या हसल्या. मला वाटलं, पहिल्याच मीटिंगला पटलं. घरी येऊन मी वीरधवलला मेसेजही केला.

आणि मग फळा बिघडला.

म्हणजे रेघा येत होत्या, भरपूर येत होत्या, पण त्यांचा अर्थ लागेना. रंगुबाईचंच बघा. तिला एका डोळ्यानं नीट दिसत नाही. हळकुंड उजेडाकडं धरून बघते तेव्हा कुठं ते हळकुंड आहे का गड्डा हे तिला कळतं. पहिल्या आठवड्यात ती रोज खाली होती. मग एका मंगळवारी ती एकदम वर! तेराच्या पुढं पाट्या. बुधवारी पुन्हा तळाला. हरणाबाई गुरुवारी वर, शुक्रवारी टार्गेटलासुद्धा पोचली नाही. माया तर चोवीस-पंचवीसची, दुष्काळी भागातली, जतकडची. तिचे हात चालायला लागले की बघत राहावं. पण तीसुद्धा एखाद्या दिवशी सहा पाट्यांवर अडकायची.

मी कॉलेजच्या नोट्स काढून बसले. सृष्टीला एका मांडीवर थोपटत गरजांच्या पिरॅमिडवर बोट ठेवून बघत होते, रंगुबाई मंगळवारी कुठल्या पायरीवर होती आणि बुधवारी कुठल्या? दुसऱ्या एका प्रकरणात लिहिलं होतं की पंखा, पाणी, संडास नीट असेल तर माणूस कुरकुरत नाही, पण तेवढ्यानं हुरूपही येत नाही. हुरूप कौतुकानं येतो. मग कौतुक झालेल्या बाईचा हुरूप दुसऱ्याच दिवशी जातो कुठं? अपेक्षेचा सिद्धांतही वाचला. त्यानंही काही उलगडेना.

त्यात घरी निराळंच. सृष्टी जेवत नव्हती म्हणून मी फ्रिजवर कागद लावला होता, वाटीभर भात संपवला की एक चांदणी. दोन दिवस तिनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी चांदणी आधी मागितली, ती फ्रॉकवर चिकटवली आणि भात माझ्या तोंडाशी धरला. "आई, तू."

मी तो खाल्ला. चांदणी कुणाची म्हणायची, ह्याचा मात्र विचार करत राहिले.

चहाच्या सुट्टीनंतर मी एकदा निवडायच्या कट्ट्यावर न जाता मागच्या पोत्यांच्या थप्पीआड उभी राहिले. लपून बघणं बरं नाही हे कळत होतं, पण पाळणाघराच्या खिडकीतून सृष्टीला असंच बघायची सवय झाली होती. बघताना आपण दिसायचं नाही.

आणि दिसलं. माया उठली, भरलेली पाटी उचलली आणि सरळ एका जाडजूड बाईच्या ढिगाशेजारी नेऊन ठेवली. मागोमाग हरणाबाईनं आपली दिली. रंगुबाईनं अर्धी भरलेली सरकवली. कुणी बोललं नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. त्या जाडजूड बाईनं आपल्या नावापुढं रेघा ओढल्या.

"हे काय चाललंय?" मी पुढं आले.

सगळ्यांचे हात थांबले. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"ही तर फसवणूक आहे! इतके दिवस हेच करताय तुम्ही?"

"कसली फसवणूक?" हरणाबाई खरोखर गोंधळली होती. सोंग नव्हतं ते. सोंग मला ओळखता येतं, घरी सृष्टीचं रोज बघते. "आज हिचा पैरा हाय. हिच्या पोराची साळंत मीटिंग हाय, लौकर जायाचं हाय."

"पैरा?"

"आवं, तुमी रहिमतपूरच्या ना? भांगलणीला पैरा करत न्हाईत व्हय तुमच्याकडं? आज समद्यांनी हिच्या रानात, उद्या तिच्या रानात. पैसा न्हाई, अडका न्हाई, माणसाला माणूस."

पैरा मला माहीत होता. आईंच्या शेतात तण भांगलायला, आल्याच्या काढणीला बायका पैऱ्यानंच यायच्या, आणि मग आई त्यांच्या रानात जायच्या.

"पण हे रान नाहीये, हरणाबाई."

"न्हाईच की. पन तुमीच म्हनला, रोज येगळं नाव वर लावायचं, समद्यास्नी संधी हाय. आमी म्हनलं, बाईला रानातलं कळतंय. ज्या दिवशी जिला नड, त्या दिवशी तिचं नाव. रंगूला डोळं दावायला सिव्हिलला जायाचं हुतं, तवा तिचं लावलं. चुकलं का काय?"

मी फळ्याकडं बघितलं. रेघा सगळ्या खऱ्या होत्या. एकूण पाट्या पहिल्यापेक्षा वाढल्याच होत्या. पण कुणाचं नाव कुठं असायला हवं, हे काही त्या रेघांवरून कळत नव्हतं. आणि मला तर नेमकं तेच सांगायचं होतं. एक वरचं, दोन खालची.

"चुकलं नाही," मी म्हटलं. आणि मग, "पण बरोबरही नाही." आणि ऑफिसात जाऊन बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माया नळावर हात धुताना भेटली. कितीही घासले तरी त्या बायकांचे हात पिवळेच राहतात.

"मॅडम, एक बोलू? मला त्या पैऱ्यात धरू नका."

"का गं?"

"आमच्यात मेंढरामागं चालायचं असतंय. जो चालतो त्यालाच म्हाईत किती चालला. मी दिवसाला बारा पाट्या काढती, मॅडम. फळ्यावर सहा दिसत्यात. सुपरवायझर करणार हाईत म्हनं एकीला." तिनं आवाज खाली केला. "मला व्हायचंय. दहावी झालीया माझी. माझं नाव माझ्या कामानं लागू दे."

"मग तू पाट्या देतेस कशाला?"

"न दिऊन कुटं जाऊ? अक्का बोलायची न्हाई माझ्याशी."

मी बघते म्हटलं. काय बघणार होते? मायाची रेघ तिची तिला दिली तर रंगुबाईची रेघ तिची तिला द्यावी लागणार, आणि मग रंगुबाई जाणार. न दिली तर मायाचं नाव पैऱ्यात बुडणार. शिवाय दोन्ही बाबतींत माझी तीन नावं तयार होतील की नाही, आणि तीन नावांशिवाय सृष्टी माझ्याकडं राहील की नाही. मी असा विचार सुरू केला की त्याच्या टोकाला प्रत्येक वेळी सृष्टीच यायची. मग मी विचार सोडून द्यायचे.

असे दिवस गेले. मी कुणालाच काही सांगितलं नाही, फळाही बदलला नाही. मुदत संपायच्या दिवशी चार वाजता जयराज सर येणार होते. सकाळी सृष्टीचं अंग जरा कोमट लागलं. मी कपाळाला हात लावला, मग गाल लावला, मग पोटाला हात लावला, आणि ताप नाही असं ठरवलं. आजच्या दिवशी तरी नाही.

दुपारी पाळणाघरातून फोन आला. ताप चढलाय, रडून रडून घसा बसलाय, घेऊन जा.

मी फोन हातात धरून कट्ट्यापाशी तशीच उभी राहिले. दिवसाचा अर्धा माल निवडायचा राहिला होता. वजनं लिहायची होती, फळा पुसून नवा लिहायचा होता, नावं ठरवायची होती. आणि आज मी शेडमध्ये नाही, हे सरांना दिसणार.

"काय झालं?" हरणाबाईनं विचारलं.

"सृष्टीला ताप आलाय."

"मंग उब्या काय ऱ्हायलाय? जावा."

"सर येणार आहेत चारला. माल पडलाय."

हरणाबाईनं सगळ्यांकडं नजर फिरवली. "आज मॅडमचा पैरा," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, रोज म्हणते तशी.

"अहो, मी पैऱ्यात नाही!"

"नड हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग हाय की पैऱ्यात."

रंगुबाई तिच्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाली, "बाई, पोरगी रडतीया तिकडं आन तुमी हिकडं हिशेब घालताय व्हय?"

मी स्कूटी काढली. विश्रामबागचं फाटक बंद होतं, मालगाडी संपता संपेना. डॉक्टरांनी घसा बघितला, औषध दिलं. सृष्टीला ओढणीनं पुढं बांधून मी परत शेडमध्ये आले तेव्हा सरांची गाडी आधीच दारात उभी होती.

आत आले आणि थबकले. माल संपला होता. सगळाच. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेली पोतीसुद्धा फोडून निवडलेली. पाट्यांच्या रांगा दारापर्यंत. बायका पोत्यांना टेकून बसल्या होत्या, रंगुबाई डोळे मिटून. मायाचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते. तिनंही दिल्या होत्या.

जयराज सर फळ्यासमोर उभे होते. कुणाच्याच नावापुढं रेघा नव्हत्या. खाली कुणीतरी नवं नाव लिहिलं होतं, वाकड्या अक्षरात. पूजा मॅडम. आणि सगळ्या रेघा तिथं.

"मॅडम, हे काय? आणि बाळ?"

"ताप आहे तिला. सॉरी सर."

"असू दे, असू दे." ते खूश होते. "नाव चुकून लिहिलंय वाटतं. पण आकडा बघितला? जवळजवळ दीडपट! मी पपांना म्हटलंच होतं, थिअरी वापरली की फरक पडतो." त्यांच्या हातात पाकीट होतं. पाकिटावर माझं नाव छापलेलं. "आता असं करू. हेच रोजचं टार्गेट धरू. आज जमलं म्हणजे रोज जमेल, काय?"

मागं बसलेल्या बायकांकडं मी बघितलं नाही. बघावंच लागलं नाही, मला कळत होतं. मायानं श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

सृष्टीचं डोकं माझ्या छातीवर गरम होतं. मला फक्त ‘हो सर’ म्हणायचं होतं. पाकीट हातभर अंतरावर होतं.

"सर, हा आकडा रोजचा नाही."

"म्हणजे? खोटा आहे?"

"खोटा नाही."

"मग खरा आहे ना?"

"खरा आहे. पण तो माझा आहे. म्हणजे त्यांनी मला दिलाय. आजच्या दिवसापुरता."

"तुम्हाला दिलाय?" त्यांनी एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मॅडम, मला कळत नाहीये. त्यांनी तुमच्या सांगण्यावरून काम केलं की नाही?"

"नाही. मी इथं नव्हतेच."

मी त्यांना पैरा समजावला. नीट जमलं नाही. मध्येच सृष्टी उठून पाणी मागायला लागली, मध्येच मी गरजांच्या पिरॅमिडवर गेले. सर ऐकत होते, कपाळाला आठ्या घालून, चिडलेले नव्हते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तीन महिन्यांचा फळा काहीच सांगत नाही?"

"एकूण किती, ते सांगतो. कोण किती, ते नाही."

"आणि माझी तीन नावं?"

"वरचं एक आहे. तेही मला फळ्यावरून नाही, बघून कळलंय. माया." मी थांबले. "खालची नाहीत माझ्याकडं."

त्यांनी बसलेल्या बायकांकडं एक नजर टाकली. मग पाकीट त्यांनी दुमडलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. "अजून एक महिना बघू," ते म्हणाले. "तुमचंही आणि त्यांचंही. टार्गेट आहे तेच ठेवा सध्या. पण महिन्यानंतर मला कोण किती करतं ते कळलं पाहिजे. नाहीतर मी पपांना काय सांगू, शेडमध्ये भांगलण चाललीय?"

ते गेल्यावर मी हरणाबाईसमोर जाऊन उभी राहिले. आभार मानायचे, का माफी मागायची?

"कायम न्हाई केलं व्हय?" तिनं विचारलं.

"एक महिना आणखी."

"आमी एवढं काढूनबी?" ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी भरल्या ताटावरून उठलेय. मग म्हणाली, "बरं. पैरा मातुर फेडावा लागंल, मॅडम. ह्यो झालाय तुमचा."

घरी येऊन सृष्टीला निजवलं आणि आईंना फोन लावला. महिनाभर आणखी, म्हणून सांगितलं. न्यायला येते पोरीला, असं त्या म्हणतील म्हणून मी श्वास धरून होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. पैऱ्याचं सांगितलं तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, "किती जणी होत्या?"

"बारा."

"बाराजणींचं फेडायचं म्हणजे तू कवा सुटणार गं?" त्या हसल्या का, मला कळलं नाही. "आसं कर. मी येते तिकडं महिनाभर, पोरीजवळ बसते. पण मग आल्याच्या काढणीला तू यायचं. सुट्टी काढून. शिकलेली म्हणून बांधावर बसायचं न्हाई."

"येईन," मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी आता तेरा जणींची देणेकरी झालेय.

सोमवारी मी कामाच्या वेळेआधीच शेडमध्ये गेले. ऑफिसात पर्स टाकली, ओढणी कमरेला खोचली आणि कट्ट्यावर रंगुबाई आणि मायाच्या मध्ये जाऊन बसले. कुणीतरी फिसकन हसलं.

"आज कुणाचा पैरा?" मी विचारलं.

"रंगूचा," हरणाबाई म्हणाली. "डागतरानं परत बोलीवलंय."

मी निवडायला लागले. माझी पाटी भरायला इतका वेळ लागला की रंगुबाईसुद्धा म्हणाली, "बाई, हळकुंडाला काय विचारताय, तू कोन म्हणून?" जेवायच्या सुट्टीत मी उठून फळ्याशी गेले. पैऱ्याच्या रेघा होत्या तशाच ठेवल्या. शेजारी एक नवा रकाना आखला आणि त्यात फक्त मायाचं नाव लिहिलं. सकाळपासून मी शेजारी बसून बघत होते, तिनं स्वतः भरलेल्या पाट्या मला माहीत होत्या. तेवढ्या रेघा ओढल्या.

मागं हरणाबाईनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

माया उठून आली. रेघा मोजल्या, ओठ हलवत.

"ह्यातली एक पुसा," ती म्हणाली.

"का? तूच भरलीस. मी बघितलंय."

"ती मी रंगूमावशीला दिली."

"मग पैऱ्यातच की. पैऱ्यात धरू नका म्हणाली होतीस."

"पैऱ्यात न्हाई दिली." तिला राग आला होता, माझ्यावर की स्वतःवर ते कळेना. "अक्कानं सांगितलं म्हणून न्हाई. तिला दिसंना, म्हणून मीच दिली. माझी मी."

"मग ती कुणाच्या नावावर लिहू?"

माया फळ्याकडं बघत राहिली. एकदा रंगुबाईच्या नावाकडं, एकदा स्वतःच्या. मीही तिच्याबरोबर बघत राहिले. खडूनं माझी बोटं पांढरी झाली होती, आणि त्याच्या खालून पिवळी.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मला इचार करू द्या."